अंगावर चढवायचा रिमोट: कमी खर्चातले एक्सोस्केलेटन रोबोट कसे चालवतात?

रोबोट चालवायचा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो जॉयस्टिक किंवा मोबाईलवरचं ॲप. पण रोबोटला माणसासारखा हात असेल, खांदा-कोपर-मनगट असं सगळं असेल, तर दोन अंगठ्यांनी तो हात चालवणं फार कठीण जातं. एका वेळी सहा-सात सांधे हलवायचे कसे? यावर सोपा उपाय असा: चालवणाऱ्याच्या हातावरच एक हलका सांगाडा बांधायचा. तुम्ही कोपर वाकवलं की रोबोटचं कोपर वाकणार, मनगट फिरवलं की त्याचंही फिरणार. शिकायला वेळ लागत नाही, कारण हात कसा हलवायचा हे तुम्हाला लहानपणापासून येतंच.

पूर्वी अशी उपकरणं फक्त मोठ्या प्रयोगशाळांना परवडायची. आता त्यांच्या साध्या आवृत्त्या काही हजार रुपयांत उभ्या राहतात. हे तंत्र आतून कसं चालतं, स्वस्त कशामुळे झालं आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांत त्याचा खरा उपयोग कुठे आहे, ते या लेखात बघूया.

एक्सोस्केलेटन म्हणजे काय?

आपला सांगाडा शरीराच्या आत असतो. खाडीतल्या चिंबोरीचा सांगाडा बाहेर असतो, म्हणजे तिचं कवच. अशा बाहेरच्या सांगाड्याला एक्सोस्केलेटन किंवा बाह्यसांगाडा म्हणतात. माणसाने अंगावर घालायच्या यांत्रिक सांगाड्यालाही हेच नाव पडलं. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत:

• आधार देणारे: यात मोटर नसते. स्प्रिंग किंवा इलॅस्टिकच्या मदतीने कंबरेवरचा, खांद्यावरचा भार कमी होतो. ओझं उचलणाऱ्या कामगारांसाठी उपयोगी.

• ताकद देणारे: यात मोटर आणि बॅटरी असते. अर्धांगवायूनंतर चालायला शिकवण्यासाठी असे सूट वापरतात.

• हालचाल मोजणारे: यात ताकद देणारी मोटर सहसा नसते, फक्त सेन्सर असतात. तुमचा सांधा किती अंशांनी वाकला हे मोजून तो आकडा रोबोटला पाठवायचा, एवढंच काम. आपला विषय हा तिसरा प्रकार.

तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त का पडतो, हे इथेच कळतं. महाग असते ती ताकद. नुसतं मोजणं स्वस्त असतं.

कल्पना जुनीच आहे

किरणोत्सारी पदार्थ हाताने हाताळता येत नाहीत. म्हणून १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी एक जोडयंत्र बनवलं. जाड संरक्षक भिंतीच्या अलीकडे माणूस एक हात हलवणार आणि पलीकडे यंत्राचा हात तीच हालचाल करणार. सुरुवातीला दोन्ही हात यांत्रिक पद्धतीने जोडलेले होते, १९५४ मध्ये विजेवर चालणारी जोडी आली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे मॅनिप्युलेटर विकसित केले आहेत. या जोडीला पूर्वी मास्टर-स्लेव्ह म्हणायचे, आता लीडर-फॉलोअर हे शब्द जास्त वापरतात.

१९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने हार्डिमन नावाचा अख्खा सूट बनवायला घेतला. सुमारे ६८० किलो वजन उचलायचं उद्दिष्ट होतं, पण सूटचं स्वतःचं वजनही जवळपास तेवढंच झालं. माणूस आत असताना पूर्ण सूट कधीच चालवला गेला नाही. तेव्हाचे सेन्सर आणि नियंत्रण यंत्रणा त्या कामाला पुऱ्या पडल्या नाहीत.

आतून कसं चालतं?

सगळी साखळी चार टप्प्यांची आहे: सांधा मोजा, आकडा स्वच्छ करा, तो पाठवा, रोबोटची मोटर तिथपर्यंत फिरवा. खरी गंमत पहिल्या दोन टप्प्यांत आहे.

पद्धत पहिली, मोशन सेन्सर. फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, ते काम ॲक्सिलरोमीटर करतो. फोन किती वेगाने फिरतोय हे जायरोस्कोप सांगतो. (काही स्वस्त फोनमध्ये खरा जायरोस्कोप नसतो, हेही लक्षात ठेवा.) हे दोन्ही एकाच चिपमध्ये असले की त्याला आयएमयू म्हणतात. हौशी मंडळींची आवडती चिप म्हणजे एमपीयू-६०५०. तिच्यात तीन अक्षांचा ॲक्सिलरोमीटर आणि तीन अक्षांचा जायरोस्कोप असतो. एक दंडावर, एक कोपराखाली बांधला की दोघांच्या कोनांतला फरक म्हणजे कोपर किती वाकलं ते.

पण दोन्ही सेन्सरच्या खोडी आहेत. ॲक्सिलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून कल सांगतो, त्यामुळे स्थिर असताना बरोबर असतो. हात झटकला की गोंधळतो. जायरोस्कोप झटक्यातही नीट चालतो, पण तो कोन देत नाही, कोन बदलण्याचा वेग देतो. तो वेग सतत बेरीज करत राहायचं. आता समजा त्यात सेकंदाला फक्त अर्ध्या अंशाची चूक आहे. एका मिनिटात ती ३० अंश होते! तुमचा हात टेबलावर शांत पडलेला आणि रोबोटचा हात हळूहळू वर चाललेला, असा प्रकार होतो. याला ड्रिफ्ट म्हणतात.

उपाय म्हणजे दोघांचं मिश्रण करणारा कॉम्प्लिमेंटरी फिल्टर:

नवा कोन = ०.९८ × (जुना कोन + जायरोचा वेग × वेळ) + ०.०२ × ॲक्सिलरोमीटरचा कोन

थोडक्यात, क्षणाक्षणाला विश्वास जायरोवर आणि दीर्घकाळात विश्वास ॲक्सिलरोमीटरवर. एका ओळीचं गणित आहे, पण काम चोख करतं.

एक अडचण तरीही उरते. हात जमिनीला समांतर ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवला, तर गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलतच नाही. मग ॲक्सिलरोमीटर काय दुरुस्त करणार? तिथे होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर लागतो. आणि तो लोखंडी सळया, मोटर, स्पीकर यांच्याजवळ चुकतो. म्हणजे कारखान्यात त्याच्यावर विसंबता येत नाही.

पद्धत दुसरी, सांध्यावरच मोजमाप. इथे सांगाडा थोडा कडक लागतो. त्याच्या प्रत्येक बिजागरीवर कोन मोजणारा भाग बसवतात. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारं बटण असतं ना, तेच. फिरवलं की व्होल्टेज बदलतं. त्याहून चांगला पर्याय म्हणजे चुंबकीय एन्कोडर. बिजागरीवर छोटं चुंबक, समोर एएस५६०० सारखी चिप. ही १२ बिटची चिप एका फेरीचे ४,०९६ भाग करते, म्हणजे ०.०९ अंशांपर्यंतचा फरक ओळखते. काही घासत नाही, त्यामुळे झिजतही नाही.

ही पद्धत ड्रिफ्ट होत नाही. म्हणूनच रोबोट चालवण्यासाठीच्या अनेक नव्या सांगाड्यांमध्ये सांध्यावरचे एन्कोडर दिसतात. तोटा एवढाच की बिजागरी आणि तुमचा खरा सांधा एका रेषेत यायला हवा. पट्टा त्वचेवर घसरला की माप चुकतं. आणि छोटी चूकही महाग पडते: खांद्यावर एक अंश चुकला, तर ५० सेंटीमीटर लांबच्या हाताच्या टोकाला जवळपास ९ मिलिमीटरचा फरक पडतो. बटण दाबायच्या कामात एवढ्यात बटण हुकतं.

आकडा पाठवायचा कसा?

सहा सांधे, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे १२ बाइट. सेकंदाला ५० वेळा पाठवले तर ६०० बाइट. हे काहीच नाही. ईएसपी३२ बोर्डवर ईएसपी-नाऊ नावाची सोय आहे. तिच्यात राउटर न लागता एक बोर्ड दुसऱ्याशी थेट बोलतो आणि एका पॅकेटमध्ये २५० बाइट माहिती सहज जाते. आपले १२ बाइट आरामात बसतात.

जड असतो तो परतीचा व्हिडिओ. रोबोट समोर नसेल तर कॅमेऱ्याशिवाय तो चालवणार कसा? साधा २ एमबीपीएसचा व्हिडिओ धरला तरी तो हालचालीच्या माहितीच्या चारशेपट भरतो. उशीर होतो तो बहुतेक इथेच. उशीर वाढला की माणूस आपोआप ‘हलव, थांब, बघ, परत हलव’ असं करायला लागतो आणि कामाचा वेग मार खातो.

दुसरी मोठी उणीव म्हणजे स्पर्श. रोबोटने वस्तू किती जोरात धरली हे तुम्हाला जाणवत नाही. काही सांगाड्यांमध्ये छोट्या मोटर लावून उलटा दाब देतात, त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. तो आला की खर्च लगेच वाढतो. स्वस्तातला मधला मार्ग म्हणजे फोनमध्ये असते तशी व्हायब्रेशन मोटर: पकड घट्ट झाली की बोटाला थरथर.

मग अचानक स्वस्त कशामुळे झालं?

तीन कारणं आहेत. पहिलं म्हणजे स्मार्टफोन. कोट्यवधी फोनसाठी मोशन सेन्सर बनायला लागले आणि त्यांची किंमत कोसळली. दुसरं, थ्रीडी प्रिंटर. प्रत्येकाच्या हाताच्या मापाचा सांगाडा आता साचा न बनवता छापता येतो. तिसरं आणि सर्वांत ताजं कारण म्हणजे एआय.

भाषेचं एआय शिकवायला इंटरनेटवर मजकूर पडलेलाच होता. पण ‘कपाची कडी कशी धरायची’ याचा सांध्यांच्या कोनांसकट डेटा कुठेच नव्हता. तो माणसांकडूनच घ्यावा लागतो आणि त्यासाठी स्वस्त उपकरणं हवीत. म्हणून २०२३ पासून अनेक विद्यापीठांनी आपले आराखडे खुले केले. स्टॅनफर्डच्या अलोहा या दोन हातांच्या संपूर्ण यंत्रणेचा खर्च २०,००० डॉलरच्या आत होता. बर्कलीच्या गेलो या हातात धरायच्या छोट्या नियंत्रकाचा खर्च ३०० डॉलरच्या आत आला. शांघायच्या संशोधकांचा एअरएक्सो तर अंगावर घालायचा सांगाडा आहे, एका हाताला सुमारे ३०० डॉलर. २०२५ मध्ये आलेल्या होमी या प्रकल्पात सुमारे ५०० डॉलरच्या साहित्यात मानवाकृती रोबोट चालवून दाखवला.

एअरएक्सोचा एक निष्कर्ष मुद्दाम सांगण्यासारखा आहे. सांगाडा घालून माणसाने रोबोटशिवायच काम केलं, तरी तो डेटा उपयोगी पडतो. प्रत्यक्ष रोबोट चालवून घेतलेली फक्त ३ मिनिटांची प्रात्यक्षिकं आणि सोबत हा बाहेरचा डेटा, एवढ्यावर शिकलेला रोबोट २० मिनिटांहून जास्त प्रात्यक्षिकांवर शिकलेल्या रोबोटच्या तोडीस तोड ठरला.

यात एक प्रश्न आपल्यासाठी आहे. उद्या भिवंडीच्या गोदामात माल लावणाऱ्या कामगाराला असा सांगाडा दिला, तर त्याच्या हातातलं कसब नोंदवलं जाईल. तो डेटा कुणाचा? त्याचे पैसे त्याला मिळणार का? उपकरण स्वस्त झालं म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत.

आपल्या शहरांत याची गरज कुठे?

ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीच्या खंबाळपाडा भागात सांडपाण्याच्या चेंबरमध्ये उतरलेले तीन कामगार दगावले. त्यानंतर आठवड्याभरातच, १ नोव्हेंबरला, कल्याण पूर्वेत एका विहिरीत पाच जण गेले. त्यांत वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही होते. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत तीन कामगारांचा जीव गेला.

अशा जागांमध्ये मारतो तो वायू. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं आणि माणूस खाली उतरतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. मागून वाचवायला जाणाराही त्यामुळेच सापडतो.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरवणं बेकायदा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई मिळते ती माणूस गेल्यावर. त्याला खाली उतरावंच लागू नये, यासाठी यंत्र लागतं.

असं यंत्र भारतात बनलंही आहे, आणि त्याची सुरुवात चक्क एक्सोस्केलेटनपासून झाली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कुट्टिप्पुरम इथल्या एमईएस अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी अंगावर घालायचा यांत्रिक सूट बनवत होते. त्यांचीच पुढे जेनरोबोटिक्स ही कंपनी झाली आणि २०१८ मध्ये त्यांनी मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोट तिरुवनंतपुरममध्ये आणला. बँडिकूट चालवणारा माणूस रस्त्यावर उभा राहून पडद्यावर बघत काम करतो, त्याला सूट घालावा लागत नाही. पण माणसाच्या हातापायांची हालचाल यंत्रात कशी उतरवायची, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

दुसरी जागा म्हणजे डोंबिवली एमआयडीसी. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये इथल्या रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले. अशा ठिकाणी व्हॉल्व्ह बंद करणं, ढिगाऱ्यात कॅमेरा नेणं, गळणारा पिंप उचलणं ही कामं लांबून झाली तर जीव वाचतील. पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बॉम्ब हाताळण्यासाठी बनवलेला दक्ष रोबोट याच विचाराचा आहे.

घरी बनवायचा तर खर्च किती?

खांदा, कोपर, मनगट आणि पकड अशी चार सांध्यांची प्रयोगापुरती जोडी धरूया. किमती दुकानागणिक बदलतात, हा फक्त अंदाज:

• ईएसपी३२ बोर्ड, २ नग: ८०० ते १,००० रुपये
• १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर, ४ नग: सुमारे १०० रुपये
• एमपीयू-६०५० मॉड्युल, १ नग: १५० ते २५० रुपये
• एमजी९९६आर सर्वो मोटर, ४ नग: १,२०० ते १,६०० रुपये
• ५ व्होल्टचा दणकट अडॅप्टर: ४०० ते ६०० रुपये
• ॲल्युमिनियम पट्टी किंवा पीव्हीसी, वेल्क्रो, नटबोल्ट, वायर: ५०० ते ८०० रुपये

म्हणजे साधारण ३,१५० ते ४,३५० रुपये. ऑनलाइन सगळं मिळतं, पण वस्तू हातात घेऊन बघायची असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठा. लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत काम होतं.

बनवताना या गोष्टी सांभाळा:

१. सर्वोला वेगळा वीजपुरवठा द्या. बोर्डच्या पिनवरून चार सर्वो चालवले की बोर्ड रीसेट होत राहतो. फक्त दोन्हीकडची ग्राउंड वायर एकत्र जोडा.

२. पिन नीट निवडा. ईएसपी३२ वर वायरलेस चालू असताना एडीसी-२ च्या पिन वाचता येत नाहीत. पोटेन्शिओमीटर एडीसी-१ वर, म्हणजे ३२ ते ३९ क्रमांकांच्या पिनांपैकी बोर्डवर दिलेल्या पिनांवर लावा.

३. ताकदीचा हिशेब आधी करा. सर्वोची ताकद १० किलो-सेंटीमीटर धरली, तर २० सेंटीमीटरच्या हाताच्या टोकाला जास्तीत जास्त अर्धा किलो. त्यातून हाताचं स्वतःचं वजन वजा करा आणि निम्म्यावरच थांबा.

४. रोज कॅलिब्रेट करा. सुरू करताना हात सरळ खाली सोडून एक बटण दाबायचं, ते झालं शून्य. मगच मोजणी सुरू.

५. ‘जिवंत’ बटण ठेवा. बोटाने दाबून धरलं तरच रोबोट हलेल. शिंक आली, खाज सुटली, कुणी हाक मारली, तर बटण सुटतं आणि रोबोट थांबतो.

६. संपर्क तुटला तर काय, हे ठरवा. २०० मिलिसेकंद पॅकेट आलं नाही तर आहे त्या जागी थांबायचं. वीज मात्र तोडू नका, नाहीतर हात धाडकन खाली पडेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: असा घरगुती रोबोट गटाराच्या चेंबरमध्ये किंवा केमिकलच्या जागी अजिबात नेऊ नका. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने पेट घेतो आणि साध्या मोटरच्या ब्रशमध्ये ठिणग्या उडतच असतात. तिथे स्फोटरोधक प्रमाणपत्र असलेलीच यंत्रं चालतात. खरा खर्च येतो तो इथे, सेन्सरला नव्हे.

नेहमीचे प्रश्न

कॅमेऱ्याने हात ओळखता येतो, मग सांगाडा कशाला? येतो, आणि तो आणखी स्वस्त पडतो. पण हात वस्तूमागे गेला किंवा उजेड कमी झाला की कॅमेऱ्याला सांधे दिसत नाहीत. सांगाडा अंधारातही मोजतो.

रोबोटचा हात माझ्या हातापेक्षा वेगळ्या आकाराचा असेल तर? सांधे सारखे असतील तर कोन तसाच पाठवायचा. नसतील तर फक्त तळहाताची जागा आणि दिशा पाठवायची, बाकीचे सांधे कुठे ठेवायचे हे रोबोट गणिताने काढतो. या गणिताला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात.

शिकायला सुरुवात कुठून करू? एक पोटेन्शिओमीटर, एक सर्वो. तुम्ही फिरवलं की तो फिरला पाहिजे. मग त्यातली वायर काढून वायरलेस करा. मग दुसरा सांधा जोडा. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र उपक्रमही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी रोबोटिक्सच्या स्पर्धा घेतो, त्यावर लक्ष ठेवा.

एक सांधा नीट चालला की बाकीचे पाच म्हणजे त्याचीच पुनरावृत्ती असते. त्यानंतरचं अवघड काम म्हणजे तो हात चिखलात, काळोखात आणि विषारी वायूत भरवशाने चालवणं. त्यावर काम करणारे अभियंते या शहरांना हवे आहेत.